बंद शटरआड शेगडी नको

डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला की माणिकपुरात पहाटेचा वारा बोचू लागतो. तसे पाहिले तर आपला भाग समुद्राजवळचा. निफाडसारखी कडाक्याची थंडी आपल्या वाट्याला येत नाही. शेजारी मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सियस आहे आणि ती नोंद २२ जानेवारी १९६२ ची आहे. एरवी आपल्याकडे पहाटे गारठा असतो आणि दुपारी ऊन चांगलेच लागते. पण अंगाला सवय नसल्यामुळे तेवढा गारठाही आपल्याला सोसत नाही.

हा गारठा जास्त जाणवतो तो घरच्या घरी कारखाना चालवणाऱ्यांना. घरामागच्या शेडमध्ये, तळमजल्यावरच्या गाळ्यात किंवा पडवीला पत्रे ठोकून केलेल्या खोलीत आपल्याकडे कितीतरी माणसे पोट भरतात. त्यांत सुतार आहेत, पॉलिशवाले आहेत, मोटारसायकल दुरुस्त करणारे आहेत, शिवणकाम आणि नकली दागिन्यांचे काम करणारे आहेत. वरचा पत्रा रात्री उघड्या आकाशाखाली भराभर थंड होतो. खालचा कोबा पायांतून गारवा चढवतो. गारठलेल्या हातात रंधा नीट बसत नाही. पॉलिश लवकर सुकत नाही आणि फेव्हिकॉल धरायला वेळ लागतो. मग कोणीतरी लोणारी कोळशाची शेगडी आत आणतो, किंवा घमेल्यात लाकडाचे तुकडे पेटवतो. सुताराकडे भुसा फुकटचा असतो, म्हणून भुशाची शेगडी ठासून भरली जाते. आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शटर खाली ओढले जाते.

आजचा लेख या शटर ओढण्याविषयी आहे. शेगडी ही काही वाईट वस्तू नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी तिच्यावर जन्मभर स्वयंपाक केला. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार थंडी वाढली की बागेत शेकोट्या पेटवतात आणि पीक वाचवतात. ती आग उघड्यावर असते. तीच आग चार भिंतींत कोंडली की माणसाचा जीव घेते, आणि तोही आवाज न करता.

निखाऱ्यातून काय निघते?

कोणतेही सरपण जळताना त्यातला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी मिळतो. प्राणवायू भरपूर असेल तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. प्राणवायू अपुरा असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दोन्ही नावे सारखी वाटली तरी दोघांच्या स्वभावात फार अंतर आहे. पहिला वायू आपण प्रत्येक उच्छ्वासातून बाहेर टाकतो. दुसरा जहर आहे.

शेगडीत कोळशाचा थर जाड असतो. तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लालबुंद निखाऱ्यांमधून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो. कोळसा चांगला पेटल्यावर त्याच्यावर निळसर ज्योत नाचताना आपण पाहिली असेल. ती ज्योत म्हणजे हाच वायू वर येऊन जळत असतो. ज्योत विझते, निखाऱ्यावर राखेचा पापुद्रा धरतो आणि आपण म्हणतो, ‘आता धूर गेला, शेगडी आत घ्यायला हरकत नाही.’ खरे तर धोक्याची वेळ हीच. आता तो वायू न जळता खोलीत पसरत असतो. ठासलेला भुसा तर ज्योतीशिवाय तासन्‌तास धुमसतो, त्यामुळे त्याची गोष्ट आणखी वाईट.

या वायूला वास नाही, रंग नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. धुराने माणूस जागा होतो आणि बाहेर पळतो. या वायूने तो अधिकच गाढ झोपतो.

रक्तातला हिशेब

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे तांबडे द्रव्य असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि मेंदू, हृदय, स्नायू यांना पोचवायचा, हे त्याचे काम. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली दाखवून दिले की कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनवर प्राणवायूची जागा बळकावतो. त्याची पकड प्राणवायूच्या सुमारे २०० ते २५० पट घट्ट असते. गाडीत बसायला जागा आहे, पण एकदा हा प्रवासी बसला की उठायचे नाव घेत नाही, अशी ती अवस्था.

आता आपल्या गाळ्याचा हिशेब करू. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, दहा फूट उंच असा गाळा धरा. त्यात दीड हजार घनफूट, म्हणजे सुमारे ४२,००० लिटर हवा मावते. लोणारी कोळसा किलोभर जळला तर त्यातून शंभर ग्रॅमहून अधिक कार्बन मोनॉक्साइड निघतो. आपण अर्धाच किलो कोळसा घेऊ आणि वायूही कमीच, म्हणजे ५० ग्रॅम धरू. या ५० ग्रॅमचे आकारमान सुमारे ४२ लिटर होते. म्हणजे हजार भाग हवेत एक भाग विष. टक्केवारीत सांगायचे तर फक्त ०.१ टक्का.

एवढ्याशाने काय होणार, असे वाटेल. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, म्हणजे या वायूच्या २१० पट. पण वायूची पकडही सुमारे २१० पट घट्ट. म्हणजे दोघांचे बळ सारखे झाले. अशा हवेत माणूस काही तास राहिला तर त्याचे निम्मे हिमोग्लोबिन विषाच्या ताब्यात जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते-जाते, त्यामुळे आकडा कमी-जास्त होईल. पण पोटाला अर्धा किलो पीठ लागते, तेवढ्या वजनाच्या कोळशात हे सामर्थ्य आहे, हे लक्षात असू द्यावे.

रक्तातले १० ते २० टक्के हिमोग्लोबिन अडले की डोके ठणकू लागते. ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास मळमळ, उलटी, चक्कर, पायांत गोळे आल्यासारखी कमजोरी आणि बुद्धीचा गोंधळ सुरू होतो. ५० टक्क्यांच्या पुढे शुद्ध हरपते, झटके येतात, आणि त्यापुढे मृत्यू. हे आकडे प्रत्येकाच्या बाबतीत तंतोतंत लागू पडत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ५ ते १० टक्के हिमोग्लोबिन आधीच अडलेले असू शकते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत त्याला थोड्या वायूनेही छातीत दुखू लागते. मेहनतीचे काम करणारा माणूस श्वास जोरात घेतो, म्हणून त्याच्या रक्तात विष लवकर भरते.

इथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. धोका कळायला बुद्धी लागते आणि हा वायू आधी बुद्धीवरच घाला घालतो. ‘काही वाटले तर उठून शटर उघडीन’ असे म्हणणाऱ्याला वेळ आली की उठावेसेच वाटत नाही. उठला तरी पाय साथ देत नाहीत.

गाळ्यातले तिघे

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी तीन कारागिरांना त्यांचा चौथा सोबती रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आला. लाकडी कपाटे बनवणाऱ्या गाळ्यातली ही माणसे. तिघांचेही डोके फुटेल असे दुखत होते. दोघांना उलट्या झाल्या होत्या. तिसरा, वयाने मोठा, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देत होता. चौथा म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, काल रात्रीचा पुलाव बाधला असणार.’

मी ताप पाहिला, कोणालाच नव्हता. जुलाब कोणालाच नव्हते. मग त्या चौथ्यालाच विचारले, ‘पुलाव तुम्ही खाल्लात का?’ तो म्हणाला, ‘खाल्ला ना, सगळ्यांनी एकाच पातेल्यातला खाल्ला.’ ‘मग झोपलात कुठे?’ तो आपल्या घरी जाऊन झोपला होता. बाकीचे तिघे गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपले होते. खाली भुशाची शेगडी होती. कपाटाला पॉलिश दिलेले होते, ते सुकावे आणि वर झोपणाऱ्यांनाही ऊब मिळावी म्हणून ती रात्रभर ठेवली होती. शटर पूर्ण खाली होते.

जेवण चौघांचे एक, हवा मात्र तिघांचीच एक. निदान तिथेच झाले. तिघांनाही प्राणवायूच्या सोयीसाठी ताबडतोब रुग्णालयात पाठवले. दोघे दुसऱ्या दिवशी घरी आले. थोरलाही चार दिवसांत हिंडू-फिरू लागला आणि कामावर गेला. तीन आठवड्यांनी त्याची बायको त्याला घेऊन आली. म्हणाली, ‘माप घेतात आणि लिहायच्या आत विसरतात. पूर्वी कधी आवाज चढवला नाही, आता मुलांवर ओरडतात.’ तो स्वतः म्हणाला, ‘रंधा हातात घेतो आणि पुढे काय करायचे तेच सुचत नाही.’

या विषबाधेतून बरे वाटल्यानंतर काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी मेंदूचे असे परिणाम दिसू शकतात. विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यातला अडखळलेपणा, कधी लघवीवरचा ताबा जाणे, अशी ती लक्षणे असतात. बऱ्याच जणांचे हे महिन्याभरात ते वर्षभरात सुधारते, सर्वांचे नाही. या गृहस्थांना काम पुन्हा जमू लागले, पण मोजमाप ते अजून धाकट्या भावाकडून तपासून घेतात. एका रात्रीच्या ऊबेची ही किंमत.

ओळखायचे कसे?

हिवाळ्यात डोकेदुखी आणि मळमळ घेऊन येणारे रोगी रोजच असतात. कोणी पित्त म्हणते, कोणी सर्दी डोक्यात गेली म्हणते. पुढील खुणा दिसल्या तर मात्र हवेचा संशय घ्यावा.

एका खोलीत असणाऱ्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास झाला, आणि ताप मात्र नाही. गाळ्यात गेले की डोके चढते आणि बाहेर मोकळ्यावर आले की तासा-दोन तासांत उतरते. आठवडाभर त्रास असतो, सुटीच्या दिवशी नसतो. पिंजऱ्यातला पोपट किंवा घरातले मांजर मलूल पडले आहे. प्राण्यांची ही खूण जुनी आहे. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात या वायूचे प्रयोग स्वतःवर केले, आणि त्यांच्याच सूचनेवरून कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत पडली. पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून तो आधी कोसळतो आणि खाणकाम करणाऱ्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो. इंग्लंडच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत होते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. या विषबाधेत त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. ते यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते, आणि हा वायू धरलेले रक्तही प्राणवायू धरलेल्या रक्तासारखेच लालभडक दिसते. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवते. खरा आकडा कळायला रुग्णालयात रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.

ऐकिवात असलेल्या चुकीच्या समजुती

‘शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली की गॅस पाण्यात उतरतो.’ हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बादलीने हवा दमट होईल, एवढेच. नाकावर ओला रुमाल बांधण्याचाही काही उपयोग नाही.

‘जड वायू खाली बसतो, म्हणून वर झोपावे.’ स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे आणि तो खाली साठतो, हे खरे. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका आहे. तो गरम हवेबरोबर आधी वर चढतो आणि मग खोलीभर पसरतो. पोटमाळ्यावरच्या माणसाला तो आधी गाठतो.

‘वरच्या झरोक्याची एक काच उघडी आहे.’ हवा खेळायला एक वाट येण्याची आणि एक जाण्याची लागते. एका काचेने भागत नाही.

‘आम्ही कोळसा नाही, गॅसचा हीटर लावतो.’ गॅसही प्राणवायूवरच जळतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधील आठ पर्यटक एका खोलीत बेशुद्ध सापडले आणि दगावले. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. न्हाणीघरातला गॅस गिझरही याच जातीचा. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

‘पूर्वीचे लोक शेगडी आत ठेवतच होते.’ पूर्वीच्या घराला कौले होती, भिंत आणि छप्पर यांच्यात फट होती. त्या फटीतून विष निघून जाई. आजच्या स्लॅबच्या खोलीला आणि शटरच्या गाळ्याला ती सोय नाही. आणि पूर्वीही माणसे मरत होतीच. फ्रान्सचे प्रख्यात कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या आपल्या शयनगृहात याच वायूने गेले. खोलीतल्या आगीचे धुराडे नीट वाहत नव्हते. त्याच खोलीतली त्यांची पत्नी वाचली.

घरात बाळंतीण असेल तर एक गोष्ट विशेष सांगायची आहे. शेक देण्यासाठी खाटेखाली शेगडी ठेवून खोली घट्ट बंद करण्याची रीत अजून काही घरांत आहे. शेकायचेच असेल तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून वापरावी. गरोदर स्त्रीने तर शेगडी किंवा इंजिन चालू असलेल्या बंद खोलीत थांबूच नये. गर्भाच्या रक्ताला हा वायू आईच्या रक्तापेक्षा अधिक चिकटतो आणि अधिक वेळ राहतो. आई सावरली तरी पोटातले मूल सावरेलच असे नाही.

मग ऊब आणावी कशी?

आपल्या हवामानात अख्खी खोली तापवण्याची गरजच नाही. माणूस ऊबदार ठेवला की काम भागते. हे सूत्र धरले तर उपाय सोपे आणि स्वस्त आहेत.

कामाचे वेळापत्रक बदलावे. पॉलिश, रंग आणि चिकटवण्याची कामे सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत, शटर उघडे ठेवून करावीत. पहाटे आणि रात्री मापे घेणे, खुणा करणे, कापणे, असली कामे ठेवावीत.

पायांखाली लाकडी फळी टाकावी आणि तिच्यावर गोणपाट दुहेरी अंथरावे. निम्मा गारठा कोब्यातून येतो, तो तिथेच थांबतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे. कानटोपी आणि मोजे वापरावेत. यंत्रावर काम करणाऱ्याने मफलरची टोके लोंबती ठेवू नयेत. हात बधिर झाले तर कोमट पाण्यात पाच मिनिटे बुडवावेत आणि पुसून कामाला लागावे. बधिर बोटांनी करवत चालवणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. ग्राइंडरसारखे थरथरणारे यंत्र वापरताना गारठ्यात बोटे पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

दारूने ऊब येते हा निव्वळ भास आहे. दारूमुळे कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत पिऊन शेगडीजवळ झोपणारा माणूस डोकेदुखीनेही जागा होत नाही.

विजेचा हीटर कार्बन मोनॉक्साइड तयार करीत नाही, कारण त्यात काही जळत नाही. पण कारखान्यात त्याचे धोके वेगळे. तापलेली उघडी कॉइल आणि उडणारा भुसा यांची गाठ पडू देऊ नये. थिनर, पॉलिश किंवा पेट्रोल उघडे असेल तिथे कोणताही हीटर, शेगडी किंवा विडी नको. त्यांची वाफ भडका घेते. तेल भरलेला, उघडी कॉइल नसलेला हीटर त्यातल्या त्यात सुरक्षित. २,००० वॅटचा हीटर सुमारे ९ अँपियर वीज ओढतो. ६ अँपियरच्या साध्या पिनेवर किंवा दहा वस्तू लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नये. त्याला १६ अँपियरचा स्वतंत्र प्लग आणि चांगले अर्थिंग हवे. झोपण्यापूर्वी तो बंद करावा.

शेगडी पेटवायचीच असेल तर बाहेर अंगणात पेटवावी, तिथेच बसून शेकावे आणि तिथेच विझवावी. उरलेले निखारे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून आत आणू नयेत. दुरुस्तीला आलेली गाडी शेडमध्ये चालू ठेवू नये. ती ढकलत बाहेर न्यावी आणि मग सुरू करावी. जनरेटर गाळ्याबाहेर, खिडकीपासून दूर ठेवावा.

परदेशात, विशेषतः थंड देशांत, घराला जोडलेले गॅरेज आणि तळघरातली भट्टी यांमुळे असेच अपघात होतात. म्हणून तिकडे बहुतेक घरांत या वायूची सूचना देणारा गजर बसवलेला असतो. मुलांकडे राहायला जाल तेव्हा तो कुठे आहे ते विचारून घ्यावे, आणि वाजला तर बॅटरी काढून न ठेवता आधी घराबाहेर पडावे. असा गजर आता आपल्याकडेही मिळतो. तो धुराच्या गजरापेक्षा वेगळा असतो, घेताना नीट पाहून घ्यावा. त्याची मुदत संपली की तो बदलावा. पण गजर आहे म्हणून शेगडी आत आणणे म्हणजे छत्री आहे म्हणून विहिरीत उडी घेणे.

प्रसंग ओढवलाच तर

बंद गाळ्यात कोणी हाक देत नसेल तर एकट्याने आत धावू नये. आधी बाहेरून आरडाओरडा करून माणसे जमवावीत. शटर पूर्ण वर करावे, खिडक्या उघडाव्यात किंवा फोडाव्यात. मग आत जाऊन माणसाला ओढत मोकळ्यावर आणावे. वाचवायला गेलेला दुसरा आणि त्याला वाचवायला गेलेला तिसराही बळी पडतो, असे अनेकदा घडते.

लगेच १०८ क्रमांकाला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवावे. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, जोराने दाब देत राहावे, आणि येत असेल तर तोंडाने श्वासही द्यावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू सरबत, कांद्याचा रस असले काही घालू नये.

रुग्णालयात पोचल्यावर पहिले वाक्य हे बोलावे: ‘बंद खोलीत शेगडी होती.’ या चार शब्दांनी डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. या विषावर औषध एकच, प्राणवायू. साध्या हवेत ठेवले तर रक्तातले निम्मे विष निघायला सुमारे पाच तास लागतात. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर एक ते दीड तास पुरतो. दाबाखाली प्राणवायू देणाऱ्या खास कोठडीत हेच काम अर्ध्या तासाच्या आत होते. ती सोय मोजक्या ठिकाणी असते आणि तिची गरज कोणाला आहे ते डॉक्टर ठरवतात. त्याच खोलीत असलेल्या, पण ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचीही तपासणी करून घ्यावी. घरी आल्यावर सहा आठवडे त्याच्या बोलण्या-चालण्याकडे आणि स्मरणशक्तीकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

शेवटी मालकांना एक विनंती. आपल्या भागातल्या अनेक गाळ्यांत बाहेरगावाहून आलेले कारागीर रात्री तिथेच झोपतात. त्यांना दोन जाड रग आणि एक सतरंजी घेऊन द्यावी. खर्च फार नाही. आणि आज रात्री कुलूप लावण्यापूर्वी शेगडी बाहेर आहे ना, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.